घरातील वडीलधाऱ्यांचे आरोग्य आणि हातातील मोबाईल

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्या विषयाचा माणूस रक्तदाबावर बोलणार हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. हरभऱ्याच्या पेरणीचे प्रश्न घेऊन आलेल्यांनी निराश होऊ नये, त्यासाठी दुपारचे सत्र राखून ठेवलेले आहे. परंतु गेली काही वर्षे प्रशिक्षण वर्गाला आणि शिवारफेरीला येणाऱ्या मंडळींकडे पाहिले की एक गोष्ट सहज ध्यानात येते. समोर बसलेल्यांपैकी बरेचजण साठीच्या पुढचे असतात. मुलगा पुण्याला किंवा मुंबईला, नातवंडे तिकडच्याच शाळेत, आणि गावाकडची चार-सहा एकर जमीन, दोन जनावरे व विहिरीवरची मोटार सांभाळायला मागे राहिलेले आईवडील. कोणते वाण घ्यावयाचे, पाणी केव्हा द्यावयाचे, माल केव्हा विकावयाचा हे बऱ्याच घरांत अजून हीच माणसे ठरवितात. आम्ही ज्या शिफारशी करतो त्या अमलात आणणारे हात त्यांचे आहेत. त्या हातांना एका पहाटे अर्धांगवायूने गाठले तर शिफारस कागदावरच राहते. म्हणून हा विषय शेतीच्या बाहेरचा आहे असे मी मानत नाही.

सन २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील वयाचे सुमारे १० कोटी ४० लाख लोक होते आणि त्यांतील सात कोटींहून अधिक खेड्यांत राहत होते. त्यानंतरच्या काळात ही संख्या वाढलेलीच आहे. या वयात जे आजार प्रामुख्याने आढळतात ते म्हणजे रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, गुडघेदुखी, मोतीबिंदू आणि कमी ऐकू येणे. यांपैकी पहिले दोन फार फसवे आहेत. बोंडाच्या आत शिरलेली गुलाबी बोंडअळी जशी बाहेरून दिसत नाही, तसा वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून माणूस गोळी बंद करतो. सापळा लावून पतंग मोजल्याशिवाय अळीचा अंदाज येत नाही, आणि मोजल्याशिवाय रक्तदाब कळत नाही.

मोटारीसाठी केले ते माणसासाठी

या मंडपात मोबाईल स्टार्टर बसविलेले किती शेतकरी आहेत? बरेच हात वर आले. घरी बसून मोटार चालू करता येते, फेज गेली तर फोनवर निरोप येतो, विहिरीचे पाणी संपले तर मोटार आपोआप बंद पडते. द्राक्ष बागायतदारांनी तर बागेत स्वयंचलित हवामान केंद्रे बसविली आहेत. पानांवर ओलावा किती तास टिकला हे ती सांगतात आणि त्यावरून भुरी-केवड्याची फवारणी ठरते. तेव्हा डिजिटल तंत्रज्ञान म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. लांबच्या ठिकाणची अवस्था मोजावयाची, ती आकड्यात मांडावयाची, आकडा योग्य माणसापर्यंत पोचवावयाचा आणि त्याने काहीतरी करावयाचे, एवढेच ते आहे.

विहिरीवरच्या मोटारीला काय झाले हे कळण्याची सोय आपण केली. मोटारीपाशी गेलेल्या वडिलांना काय झाले हे कळण्याची सोय मात्र बहुतेक घरांत नाही.

ही सोय करणे फारसे खर्चाचे नाही. परंतु बाजारात गेल्यावर दुकानदार जे दाखवील ते घेऊन येणे म्हणजे सोय करणे नव्हे. मनगटावरची घड्याळे, झोप मोजणारी यंत्रे, आणखी बरेच काही आज मिळते. माझा सल्ला असा की बहुतेक घरांना सुरुवातीला दंडावर पट्टा बांधण्याचे रक्तदाब यंत्र, घरात मधुमेही असेल तर ग्लुकोमीटर, आणि एक वही एवढे पुरेसे आहे. वही हे काही डिजिटल साधन नव्हे, पण तिच्यावाचून बाकीची दोन वाया जातात. त्याकडे मी पुढे येतो.

रक्तदाब मोजण्याची पद्धत

मातीचा नमुना कसा घ्यावा हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. झाडाखालचा घेऊ नये, बांधाजवळचा घेऊ नये, उकिरड्याच्या जागेचा घेऊ नये. नमुना चुकला तर प्रयोगशाळेचे यंत्र कितीही चांगले असो, अहवाल चुकीचाच येतो. रक्तदाबाचे तसेच आहे.

यंत्र दंडावर बांधण्याचे घ्यावे. मनगटावरच्या यंत्रात हाताची उंची थोडी बदलली तरी आकडा बदलतो. पट्टा दंडाच्या मापाचा असावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब आहे त्यापेक्षा जास्त दाखविला जातो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी घेऊ नये आणि जडकाम करू नये. पाणी धरून आलेल्या माणसाचा रक्तदाब दारातच मोजू नये. लघवीला जाऊन यावे. पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाठ टेकलेली असावी, पाय जमिनीला लागलेले असावेत, मांडीवर मांडी नसावी. ओसरीवर मांडी घालून बसण्याची आपली सवय असली तरी या कामासाठी खुर्ची घ्यावी. हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, सदऱ्याच्या किंवा स्वेटरच्या बाहीवर नको. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत.

नवीन यंत्र आणले की ते एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जावे आणि तेथल्या यंत्राशी ताडून पहावे. काट्यावर कापूस घालण्यापूर्वी वजन तपासून घेता, तसेच हे समजावे.

आता आकड्याचा अर्थ. दवाखान्यात मोजलेला दाब १४०/९० किंवा त्याहून जास्त वारंवार आला तर तो वाढलेला मानतात. घरी माणूस अधिक निवांत असतो, म्हणून घरच्या मोजणीत १३५/८५ ही मर्यादा धरतात. परंतु एका दिवसाच्या एका आकड्यावरून घाबरू नये व निर्धास्तही होऊ नये. कापसात कामगंध सापळ्यात एका रात्री दहा पतंग सापडले म्हणून आपण लगेच फवारणी करीत नाही. प्रति सापळा आठ पतंग सलग तीन रात्री आले तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजतो. रक्तदाबासाठीही आठवडाभर सकाळी आणि संध्याकाळी मोजून, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून, बाकीच्यांची सरासरी काढावी. ही सरासरी डॉक्टरांना दाखविली तर त्यांना औषधाचा निर्णय घेणे पुष्कळ सोपे जाते.

मात्र दाब १८०/१२० च्या पुढे गेला आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे, अंधुक दिसणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही असेल तर सरासरीची वाट पाहावयाची नाही. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, जीभ जड होणे ही अर्धांगवायूची लक्षणे आहेत आणि त्या वेळी रक्तदाब किती भरतो याला महत्त्व नाही. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. या वेळात मालीश, झाडपाला आणि नातेवाइकांचा विचारविनिमय यांना जागा नाही. लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते घड्याळात पाहून लिहून ठेवावे, कारण रुग्णालयात पहिला प्रश्न तोच येतो.

वयस्कर माणसांच्या बाबतीत उलटीही अडचण असते. गोळी चालू असताना अंथरुणातून एकदम उठले की दाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. असे होत असेल तर उभे राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी दाब मोजून तोही लिहावा व डॉक्टरांना सांगावे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, अर्धीही करू नये.

साखर मोजताना

ग्लुकोमीटरविषयी थोडक्यात सांगतो, पण एक गोष्ट गूळ आणि फळे पिकविणाऱ्या आपल्या भागात मुद्दाम सांगितली पाहिजे. गुऱ्हाळावर काम केलेल्या, द्राक्षे किंवा केळी हाताळलेल्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला तर बोटावरची साखर त्यात मिसळते आणि यंत्र भलताच मोठा आकडा दाखविते. घरात घबराट होते, कोणी इन्सुलिन वाढविते, आणि त्यातून साखर एकदम खाली जाण्याचा धोका संभवतो. म्हणून हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच बोट टोचावे. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी, पत्र्याच्या छपराखाली किंवा गाडीत उन्हात ठेवू नये, मुदत संपलेली पट्टी वापरू नये. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख पाहता तशी डबीवरचीही पाहावी. यंत्र स्वस्त आणि पट्ट्या महाग असा हा प्रकार आहे, तेव्हा घेतानाच पट्ट्यांचा भाव विचारावा. दिवसातून किती वेळा मोजावयाचे ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. केवळ गोळ्यांवर असणाऱ्यांना रोज मोजण्याची गरज बहुधा नसते.

रक्तदाब यंत्र पाच घरांत किंवा बचत गटात मिळून एक घेतले तरी चालेल, फवारणी पंप आपण वाटून वापरतोच. पण बोट टोचण्याची सुई आणि ती बसविण्याचे पेन हे ज्याचे त्यानेच वापरावे. त्यातून कावीळीसारखे आजार एकाचे दुसऱ्याला होऊ शकतात.

घाम सुटला, हातपाय थरथरले, माणूस असंबद्ध बोलू लागला आणि साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली भरली, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये आणि १०८ ला बोलवावे. मधुमेही माणसाने फवारणी केल्यानंतर अशी लक्षणे दिसली तर ती कीटकनाशकाच्या विषबाधेचीही असू शकतात. अशा वेळी साखर मोजलीच पाहिजे, आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे लेबल सोबत न्यावे.

कोरोनाच्या साथीत बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत आले आणि आता फडताळात पडून आहेत. दम्याचा किंवा फुप्फुसाचा रुग्ण घरात असेल तर त्यांतील सेल बदलून ते वापरात ठेवावे. बोट गार असेल किंवा नखावर मेंदी अथवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो, एवढे लक्षात ठेवावे.

नोंद कोणी पाहावयाची?

आता मी ज्यासाठी उभा राहिलो त्या मुद्द्याकडे येतो. पुष्कळ घरांत मुलाने शहरातून यंत्र पाठविलेले असते. पहिला आठवडा घरातले सगळे, शेजारीसुद्धा, रक्तदाब मोजून घेतात. मग यंत्र खोक्यात जाते. याचे कारण यंत्रात नसते. आकडा आला, पुढे काय, हे ठरलेले नसते. पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घेतात, ती वेळ ठरलेली आहे, घेणारा ठरलेला आहे आणि ती कोठे कळवावयाची हेही ठरलेले आहे. म्हणून ती नोंद उपयोगी पडते. घरातही हे तीन प्रश्न आधी सोडवावेत. कोणत्या वारी मोजावयाचे, कोणी लिहावयाचे आणि कोणी पाहावयाचे. यंत्राची खरेदी त्यानंतर करावी.

माझ्या वडिलांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. मध्यंतरी त्यांनी ती "आता बरे वाटते" म्हणून सोडून दिली होती. आमच्याकडे आता अशी पद्धत आहे. दर रविवारी सकाळी आई यंत्र लावते, वडील स्वतःच्या हाताने वहीत तारीख आणि आकडे लिहितात, पुढे गोळ्या किती उरल्या तो आकडाही लिहितात, आणि त्या पानाचा फोटो बहिणीला जातो. मला नाही, बहिणीला. ती लक्ष ठेवण्यात माझ्यापेक्षा कडक आहे. उरलेल्या गोळ्यांचा आकडा आठवड्याला सातने कमी झाला नाही की तिचा फोन येतो. यात कोणतेही भारी ॲप नाही. वडिलांना वही आवडते, कारण पावसाची नोंद ते अशीच ठेवीत आले आहेत.

हीच गोष्ट सरकारी पातळीवर कशी करता येते याचे एक चांगले उदाहरण आपल्या राज्यात आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांतील काही जिल्ह्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे त्यात पहिल्यापासून होते. तेथे आरोग्य केंद्रातील परिचारिका मोबाईलवर 'सिंपल' नावाचे ॲप वापरू लागल्या. रुग्णाला एक कार्ड देतात, त्यावर चौकोनी क्यूआर कोड असतो. रुग्ण आला की कोडवर मोबाईल धरावयाचा, मागच्या नोंदी समोर येतात, आजचा दाब भरावयाचा आणि पुढची तारीख द्यावयाची. खरी खुबी यापुढची आहे. जो रुग्ण ठरलेल्या तारखेला आला नाही त्याचे नाव आपोआप वेगळ्या यादीत पडते आणि परिचारिका त्याला फोन करते. पूर्वी जाड रजिस्टरातून न आलेली माणसे शोधून काढणे कोणालाही शक्य नव्हते. या उपक्रमाला सन २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. त्यातले तंत्रज्ञान पाहिले तर ते आपल्या दूध संघाच्या खातेपुस्तकापेक्षा फार अवघड नाही. आलेल्यांपेक्षा न आलेल्यांची यादी करणे, हा विचार मला महत्त्वाचा वाटतो.

उपकेंद्रातून डॉक्टरांशी बोलणे

ई-संजीवनी ही केंद्र शासनाची मोफत सेवा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती आरोग्य केंद्रांसाठी सुरू झाली आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, घरबसल्या सल्ल्यासाठीही खुली झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरून दहा कोटींहून अधिक सल्ले दिले गेले होते. त्या वेळच्या शासकीय माहितीनुसार लाभ घेणाऱ्यांत सुमारे १२ टक्के ज्येष्ठ नागरिक होते.

घरून मोबाईलवर सल्ला घेता येतो. नाव नोंदवावे लागते, ओटीपी येतो, आपला क्रमांक येईपर्यंत थांबावे लागते, नंतर डॉक्टर पडद्यावर दिसतात व चिठ्ठी मोबाईलवर येते. पण वयस्कर माणसासाठी मी उपकेंद्राची वाट अधिक चांगली समजतो. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. त्या रुग्णाचा रक्तदाब व साखर मोजतात आणि मग पडद्यावरील डॉक्टरांशी जोडून देतात. आजोबांना ऐकू कमी येते, आजींना डॉक्टरांची भाषा कळत नाही, अशा वेळी मधे एक जाणता माणूस असल्याने बराच फरक पडतो. तालुक्याच्या ठिकाणी जाण्यायेण्याचा दिवस वाचतो आणि बसचे हाल चुकतात.

या भेटीची तयारी कशी करावी हे तुमच्याच अनुभवातून सांगतो. कृषी विज्ञान केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर रोज एकतरी फोटो येतो. एक पिवळे पान, आणि खाली प्रश्न, "सर, काय मारू?" शास्त्रज्ञ विचारतात, पीक किती दिवसांचे, वाण कोणते, पाणी केव्हा दिले, आधी काय फवारले. ही माहिती येईपर्यंत दुपार होते. डॉक्टरांकडेही पिवळे पान घेऊन जाऊ नये. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत. त्यात काढे, चूर्णे, मेडिकल दुकानातून आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्याही असाव्यात. दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडाला इजा होते, आणि रुग्ण नेमके त्यांच्याविषयीच सांगत नाहीत. नोंदींची वही न्यावी. काय होते, केव्हापासून होते, हे दोन ओळींत लिहून न्यावे.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. पडद्यावरून पोट दाबून पाहता येत नाही, छातीला नळी लावता येत नाही. २५ मार्च २०२० रोजी दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याविषयी मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांनुसार सल्ला नोंदणीकृत डॉक्टरांनीच द्यावयाचा असतो, आणि गुंगीच्या औषधांसारखी काही औषधे अशा सल्ल्यावरून लिहून देता येत नाहीत. प्रत्यक्ष तपासणी हवी असे डॉक्टरांनी सांगितले तर ती टाळू नये. छातीतील कळ, अर्धांगवायू, सर्पदंश, विषबाधा, पडून हाड मोडणे यांसाठी ई-संजीवनी नव्हे, १०८.

कार्डे आणि बोटांचे ठसे

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यावर योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मोफत मिळतात. घरात दोघे सत्तरीचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी ती आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. रोजच्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

कार्ड काढताना आधारद्वारे ओळख पटवावी लागते आणि येथे शेतकऱ्याची एक खास अडचण येते. चाळीस-पन्नास वर्षे खुरपे, दोर आणि खते हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, ठसा उमटत नाही. अशा वेळी केंद्रावरून परत फिरू नये. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवून, डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटविता येते. पण आधारला जोडलेला क्रमांक बंद पडलेल्या जुन्या सिमचा असेल तर ओटीपी येणार कोठून? हे काम आधी करावे, आणि माणूस धडधाकट असताना करावे. अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून आधार केंद्र शोधत फिरण्याची वेळ बऱ्याच कुटुंबांवर येते.

आभा हे दुसरे कार्ड. हा चौदा अंकी आरोग्य खाते क्रमांक असून त्याखाली तपासण्यांचे अहवाल व चिठ्ठ्या एकत्र ठेवता येतात आणि आपल्या संमतीने डॉक्टरांना दाखविता येतात. ते ऐच्छिक आहे व त्यातून उपचाराचे पैसे मिळत नाहीत. या दोन कार्डांची लोक नेहमी गल्लत करतात.

कोणत्याही कार्डासाठी फोनवरून कोणी ओटीपी विचारला तर सांगू नये. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर कळवावे. म्हाताऱ्या माणसांच्या खात्यातील पैसे असे गेले की ती घरात सांगायला लाजतात आणि वेळ निघून जातो. मुलांनी आधीच सांगून ठेवावे की काही झाले तर आम्ही रागावणार नाही, फक्त लगेच सांगा.

साधा फोनही उपयोगी

बटणांचा साधा फोन असलेल्यांनी आपल्यासाठी यात काही नाही असे समजू नये. एक बटण दाबून धरले की मुलाला, दुसरे दाबून धरले की शेजाऱ्याला फोन लागेल अशी सोय त्या फोनमध्ये असते. बहुतेक घरांत ती कोणी लावून दिलेली नसते. पहिला क्रमांक शहरातल्या मुलाचा न ठेवता गावातल्या, मोटारसायकल असलेल्या माणसाचा ठेवावा, कारण आधी पोचणार तो. गोळीच्या वेळेचा गजर लावावा. जेथे अजून रात्रीची वीज आहे तेथे वयस्कर माणसे मध्यरात्री पाणी धरायला जातात. ती जाऊ नयेत हे उत्तम, पण जातातच, तर फोन विहिरीवरच्या खोलीत न ठेवता बंडीच्या खिशात ठेवावा, पूर्ण चार्ज करून ठेवावा, आणि बारे मोडल्यावर एक रिकामी रिंग द्यावी. ठरलेल्या वेळेपर्यंत ती आली नाही तर कोणी बघायला जावयाचे हेही ठरवून ठेवावे.

स्मार्टफोन असेल तर अक्षरे मोठी करून द्यावीत. नको असलेली ॲप काढून टाकावीत. लिहिण्याऐवजी बोलून निरोप पाठविण्यास शिकवावे. शिकविताना फोन हातातून ओढून घेऊन "असं करायचं" म्हणून दाखवू नये, त्यांच्याच बोटाने करू द्यावे. यात नातवंडे आपल्यापेक्षा चांगली शिक्षक आहेत.

अलीकडे काही मुले गावच्या घरात कॅमेरा बसवून शहरातून आईवडिलांवर नजर ठेवतात. त्यामागची काळजी मला समजते. पण ज्यांच्या घरात तो बसवावयाचा त्यांना विचारून बसवावा, आणि नको म्हणाले तर बसवू नये. आयुष्यभर स्वतःच्या मर्जीने वावरलेल्या माणसाला आपल्याच माजघरात कोणी पाहते आहे असे वाटत राहिले तर त्याचा रक्तदाब कमी होणार नाही. एकटेपणामुळे किंवा काळजीने झोप उडाली असेल, मन लागत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, तेथे मराठीतून बोलता येते. ज्येष्ठ नागरिकांच्या इतर अडचणींसाठी, निवृत्तिवेतनाच्या माहितीपासून घरात होणाऱ्या छळापर्यंत, १४५६७ हा क्रमांक आहे. दोन्ही फोन मोफत आहेत. हे क्रमांक भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, चष्म्याशिवाय दिसतील एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहावेत.

मंडपाच्या उजव्या बाजूला उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई बसलेल्या आहेत. साठीच्या पुढच्या सर्वांनी रक्तदाब मोजून घ्यावा. ज्यांनी आधार कार्ड व त्याला जोडलेला फोन सोबत आणला आहे त्यांचे वय वंदना कार्डही तेथेच काढण्याची व्यवस्था केलेली आहे. फक्त आता बाहेर चहा ठेवलेला आहे, तो घेतल्यानंतर अर्धा तास थांबून मगच तिकडे जावे.